कनका मॅडमचा फळा लाल का व्हायचा

ती. उमाकांतमामांना,

अमोघचा साष्टांग नमस्कार. (या वेळी खरोखर आडवा पडून, कारण उभं राहून सांगायला तोंड नाही.) तुमची साखर ताब्यात असेल, मामीचा गुडघाही बरा असेल. आम्ही चेन्नईत घामासकट मजेत. फोनच करणार होतो, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि मग अख्ख्या चाळीला कळतं. म्हणून पत्र.

तर यंदा आमच्या पॉलिटेक्निकमध्ये खडूचा फळा गेला आणि भिंतभर स्क्रीनचा फळा आला. सोबत मोबाईलवर एक ॲप. त्यात ‘समजलं नाही’ असं बटण, लाजाळू पोरांसाठी. कुणी दाबलं ते दिसत नाही, पण फार वेळा दाबलं गेलं की फळा लाल होतो आणि शिक्षकांनी परत समजवायचं. मामा, नाव न कळणारं बटण आणि तेही माझ्या हातात! एकच पोरगा कितीही वेळा दाबू शकतो, हे मला पहिल्याच तासाला कळलं. (अभ्यासातलं एवढं लवकर कधी कळलं नाही.)

इलेक्ट्रिकल शिकवतात त्या कनका मॅडम. मूळच्या तंजावरच्या, घरात जुन्या वळणाचं मराठी बोलतात. मी मराठी म्हणून व्हरांड्यात थांबवून “जेवलास कां, कण्णा?” (कण्णा म्हणजे बाळा) विचारतात, डब्यातली इडली देतात. ती इडली खाऊन मी आणि माझे दोस्त विश्वेश, कार्तिकेय बाकाखालून बटण बडवायचो. थ्री फेज सुरू झालं की फळा लाल. मॅडम परत पहिल्यापासून. शेवटी त्यांनी तीन पोरांना एकामागे एक सारखं अंतर ठेवून गोल फिरवलं, तीन फेज असे फिरतात म्हणून. (त्यातला एक मीच. फिरता फिरता खिशातल्या मोबाईलवर बटण दाबत होतो.)

परवा त्या वर्गात म्हणाल्या, चूक तुमची नाही, मलाच शिकवता येत नाही. शिकवणं सोडून ऑफिसात हजेरीचं काम मागायचा अर्ज त्यांनी लिहिलाय, पुढच्या सोमवारी देणार. त्यांच्या जागी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ येणार. पुढच्या धड्याचा एक लावून दाखवला. मला ओ की ठो कळेना. आयुष्यात पहिल्यांदा खरं बटण दाबलं. फळा लाल झाला, व्हिडिओतले सर बोलतच राहिले. विश्वेश म्हणाला, “सुपर डा मच्चान (म्हणजे भारी रे दोस्ता), आता बडव किती बडवायचं ते!” मला हसू आलं नाही, मामा. त्या दिवशी मॅडमनी पुढे केलेली इडली मी घेतली नाही.

असो. मामीला नमस्कार.

तुमचा (सांगायला लाज वाटत असेल तर नका सांगू) भाचा,
अमोघ

ता. क. खरं काम राहिलंच. काल मी मॅडमकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांचा विश्वासच बसेना! म्हणाल्या, “माझें मन राखायला खोटें बोलतोस. तूं तसा नाहीस.” दोस्त साक्षीला येत नाहीत, तेही अडकतील ना. तेव्हा सोमवारच्या आत तुम्हीच मॅडमना फोन करून सांगा की हा तसाच आहे. तुमच्या स्कूटरच्या डिकीतले बेडूक, मामीच्या भिशीला बंद केलेला मेन स्विच, काही लपवू नका. नंबर पाकिटावर लिहिलाय.

ता. क. २. थ्री फेज मला आता येतं, हेही सांगा. ते पटलं नाही तर मला वर्गासमोर उभं करायला सांगा. तेवढं मी स्वतः सिद्ध करीन.