लिंबाएवढ्या चिरबोट्या

आई, काल मी पुरती तोंडावर आपटले, आणि तेही तुझ्या नातीसमोर. अठरा वर्षांची झालीय ती. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, तरी आमची भांडणं बरोबर जुळतात. काल तिने सुपरमार्केटमधून कागदी पिशवी आणली आणि ओट्यावर उलटी केली. सुक्या, पातळ टरफलातली हिरवी फळं सगळीकडे घरंगळली. "मम्मा, टोमॅटिओज! साल्सा करणारेय मी." आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई, चिरबोट्या!" हा तुझा शब्द. चौदा वर्षांत मी तो उच्चारला नव्हता. तिने विचारलं, चिरबोट्या म्हणजे काय, आणि मी सांगायचं सोडून घरंगळलेली फळं गोळा करत बसले.

तू आमच्याकडे तीन महिने राहायला आली होतीस. इथे आखातातल्या अबू हलीफाचा हाच फ्लॅट. एका शुक्रवारी तुला घेऊन मी भाजी आणायला गेले, तर परदेशी भाज्यांच्या खणापुढे तू थबकलीस. "अगं, इथं चिरबोट्या मिळतात की! अन् केवढाल्या, लिंबाएवढ्या! आपल्या बांधावर तर बोराएवढीसुद्धा होत नाही मेली." मी म्हटलं, चल, लोक बघतायत. तू कुठली ऐकतेस! एकेक उचलून अंगठ्याने दाबून बघत होतीस. टरफलात सैल हलणारी, ओलसर, काळे ठिपके पडलेली परत ठेवायचीस. टरफल भरून टच्च बसलेली तेवढी पिशवीत. शेजारची अरबी बाई तुझ्याकडे बघून हसली, तर तिच्याही पिशवीत तू दोन चांगल्या निवडून टाकल्यास. मी ट्रॉली धरून चरफडत उभी. घरी आल्यावर टरफलासकट, न धुता, वर्तमानपत्रात गुंडाळून तू त्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यास. मी नाक मुरडलं, तर म्हणालीस, "लागतील तेव्हाच सोलायच्या. आधी सोलल्या की चिकट होऊन बसतात."

दोन दिवसांनी मी ड्यूटीवरून आले तर जिन्यातच भाजलेल्या मिरचीचा वास. तू तव्यावर त्या फळांना काळे डाग पडेपर्यंत परतलं होतंस. मग भाजलेल्या मिरच्या, लसूण, जिरं, शेंगदाणे घालून मिक्सरमधून भरड काढलीस. चार वर्षांची माझी पोर ओट्यावर पाय हलवत बसली होती आणि तू तिला भाकरीचा तुकडा त्यात बुडवून भरवत होतीस. मी लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स. नको ते खाऊन आलेली पोरं रोज बघायचे. कच्ची, हिरवी चिरबोटी खाऊ नये, पोटात कळा येतात, हे तूच मला लहानपणी शिकवलेलं. मी तुझ्या हातातला तुकडा हिसकावला. तू शांतपणे म्हणालीस, "ही ती नव्हे गं. काल मी एकटीने खाऊन बघितली. रात्रभर वाट पाहिली, मला काही झालं नाही, म्हणून आज हिला दिली." तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. पण मी किंचाळले, "हे काय तुझं रान आहे का, दिसेल ते तोडून खायला?" आणि वाटीभर चटणी उचलून कचऱ्याच्या डब्यात ओतली.

तू पोरीचं तोंड पुसलंस, तवा घासून ठेवलास. पण त्यानंतर उरलेला दीड महिना तू माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी वावरलीस. "ही कोथिंबीर घेऊ का?" "हा डबा उघडला तर चालेल का?" मी घाईघाईने "हो गं आई" म्हणायचे. माफी मात्र मागितली नाही. विमानतळावरही नाही. म्हटलं, सुट्टीला गावी जाईन तेव्हा बोलू. तीन वर्षांनी तू गेलीस, आणि त्या तीन वर्षांत दोनदा येऊनही मी तो विषय काढला नाही. मला लाज वाटायची आई, आणि लाजेपेक्षा जास्त हट्ट.

काल तुझी नात मोबाइलवर वाचून दाखवत होती. टरफल भरलेलं, फळ टणक असावं. न सोलता, न धुता कागदी पिशवीत फ्रिजमध्ये ठेवावं. वापरताना सोलून चिकटपणा कोमट पाण्याने धुवावा, मग उकडावं नाहीतर भाजावं. चिरबोटीच्याच कुळातलं हे, पण हिरवंच खायचं असतं म्हणे. ते ऐकून मी शेवटी तिला सगळं सांगितलं. ती कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "आजीला सॉरी म्हणालीस ना पण?" मी मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नसावं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी वाटी ओतताना चटणी माझ्या बोटांना लागली होती. तुझी माझ्याकडे पाठ होती. मी बोटं चाटली, आई. फार छान झाली होती.