टॉर्च टेस्ट आणि आपली बॅटरी

कवठे महांकाळ,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. वीरधवल,

तुझ्या आबाचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठणठणीत आहोत, हे आधी वाच आणि मगच पुढं जा. द्राक्षबागेची छाटणी उरकली, घड छान सुटलेत, पहाटेच्या धुक्याचा तेवढा घोर. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र जोमात आहे.

फोनवर माझा आवाज जरा बदलला तरी तुला कळतं, म्हणून कागद घेतला.

एक गंमत सांगतो. दसऱ्याआधी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला, शिवांजलीला, टॉर्च टेस्ट करायला सांगितली. मला वाटलं, पोटावर उजेड पाडून बाळ बघत असतील. रात्री मोटार चालू करायला नेतो ती मोठी बॅटरी पिशवीत घातली.

नर्सबाई म्हणाली, "आवं आजोबा, ही कशाला आणलीसा?"

"टॉर्च टेस्टला. तुमची बारकी असली तर असावी."

सगळा दवाखाना हसला. तुझी आई म्हणाली, "तरी म्हणलं हुतं, ह्यास्नी घरीच ठिवूया."

टॉर्च म्हणजे रक्ताची तपासणी निघाली. आईच्या अंगात बाळाला बाधेल असा काही संसर्ग आहे का, ते बघतात.

जर्सी व्याली. कालवड झाली, कपाळावर चांदवा आहे. दूधही...

असू दे. गाईचं उगाच लांबवतोय.

पोरा, सूनबाईच्या रक्तात खूण सापडली. मांजराच्या घाणीतून, मातीतून येणारा संसर्ग. गोळ्या लगेच सुरू झाल्या. पण तो बाळापर्यंत पोचलाय का, हे रक्तावरून कळेना. बाळाभोवतीचं पाणी सुईनं काढून तपासायचं ठरलं. मी डॉक्टरीणबाईंना तेच तेच विचारत राहिलो. उलट तिनंच मला धीर दिला, "आबा, छाटणीआधी काडी तपासायला देतासा न्हवं? कोंबाच्या डोळ्यात घड धरलाय का बघाया? तसंच हाय हे." आणि बजावलं, "निकाल येईस्तवर ह्यांना कळवू नका. तिकडं पहाऱ्यावर असत्यात."

मी शब्द दिला. रागवायचं तर माझ्यावर रागव.

दिवाळीनंतर त्या तपासणीला निघताना तीच म्हणाली, "आबा, बॅटरी घेतलीसा का?" ती आणि तुझी आई आत गेल्या. मी बाहेर बाकावर बॅटरीचं बटण चालू-बंद करत बसलो. सेल संपले तेही कळलं नाही.

काल निकाल आला. पाण्यात काही सापडलं नाही. बाळापर्यंत काही पोचलेलं नाही! अजून सोनोग्राफ्या होतील, जन्मल्यावर बाळाचं रक्तही तपासतील. पण डॉक्टरीणबाई हसून बोलल्या. तुझी आई दवाखान्यातच रडली, आणि घरी येऊन मनी मांजरीला दूध घातलं. महिनाभर तिच्यावर दात धरून होती.

मार्चअखेर बाळ येईल, तेव्हा सुट्टी काढ. एसटी कितीही उशिरा येऊ दे, फाट्यावर उजेड दिसला की उतर.

नवे सेल घालून ठेवलेला,
तुझा आबा