सहाव्या भागातला तांडेल

आये,

सातवा भाग आला. बोईसर स्टेशनबाहेर पुस्तकं भाड्याने देणारा तो जाड चष्म्याचा माणूस तुला आठवत असेल. तू बाजारात मासळी घेऊन बसायचीस तिथून त्याची टपरी दिसायची. आता तिथे व्हिडिओच्या कॅसेटी जास्त आणि पुस्तकं कोपऱ्यात एका खोक्यात असतात. परवा मी कारखान्यातून सुटून चाललो होतो, तर त्याने लांबूनच हाक मारली, "ए दांडी! तुझा सातवा आला बघ." माझं नाव त्याने कधी विचारलं नाही, गावाच्या नावानेच हाक मारतो. मी म्हणालो, आता कशाला. तो म्हणाला, "आता कशाला म्हणजे? इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि आता कशाला? तुझ्याशिवाय विचारणारं राहिलंय कोण?" छापणाऱ्यांचं आपसात काही भांडण झालं होतं म्हणे, म्हणून एवढा उशीर. मी पुस्तक घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सुट्टीच्या दिवशी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. त्यात काय आहे ते तुला सांगायचं आहे, पण एकदम सांगता येत नाही. क्रमाने सांगितलं नाही तर काहीतरी गळलं असं मला वाटत राहतं.

ही सात बेटांची पुस्तकं घरी आणायला लागलो तेव्हा मी नुकताच कामाला लागलो होतो. शाळा नववीतून सुटलेली. कारखान्यात रंगाच्या पावडरीचे ड्रम भरायचे, आणि माझं अक्षर बरं म्हणून ड्रमवर नावं लिहायचं काम मला दिलं होतं. एखादं अक्षर चुकलं तर ड्रम भलतीकडे जाईल आणि माझी नोकरी जाईल, या भीतीने प्रत्येक नाव मी पुन्हा पुन्हा वाचायचो. घरी वाचतानाही तसाच. तू ओट्यावर करंदी सोलत बसलेली आहेस, शेजारी धाकटी काकी, आणि मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन. धुक्यात लपलेली सात बेटं, ती एका चेटकिणीने बळकावलेली, एक राजकन्या ती सोडवायला निघालेली, आणि तिला या बेटावरून त्या बेटावर नेणारा होडीचा तांडेल. काकीला राजकन्येचा फार राग. "अजून रडतेच हाय ती? तिला हितं आन, करंदी सोलायला बसव. रडायला टाईम नाय गावायचा." तू हसायचीस. तुला तांडेलाशिवाय कुणाचं काही पडलेलं नव्हतं. राजवाड्याचं वर्णन आलं की म्हणायचीस, "ते ऱ्हाऊ दे. तांडेल कुठं हाय?" मी म्हणायचो, मधलं गाळता येणार नाही. "नको गाळू. पन जरा पटापट वाच."

तांडेल कुठे आहे हे तू का विचारायचीस ते मला कळत होतं. बाबाची होडी वादळात फुटली त्या वर्षीच माझी शाळा सुटली. होडीवर चौघं होते. दोघं फळीला धरून मुरब्याच्या किनाऱ्याला लागले, एकाचं प्रेत मिळालं, बाबा मिळाला नाही. गावाची रीत तू दुसऱ्यांच्या घरी पाहिली होतीस. दर्याने माणूस परत दिला नाही तर दर्भाचा माणूस करायचा, त्याला गेलेल्याचं नाव द्यायचं आणि अग्नी द्यायचा, म्हणजे मागे राहिलेल्यांना रडून मोकळं होता येतं. तू ते करू दिलं नाहीस. कुणीतरी येऊन सांगितलं होतं की वेरावळच्या बंदरात त्याच्यासारखा एक माणूस जाळी ओढताना दिसला. तेवढ्यावर तू राहिलीस. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि सर्वपित्रीला सगळ्या घरांतून कावळ्याला घास निघायचा तेव्हा आपलं दार बंद. काका यायचे, ओट्याच्या कडेला बसून म्हणायचे, "वैनी, आता किती वरसं? पोराकडं बघा." तू म्हणायचीस, "भावोजी, तुमी पायलाय का त्याला मेलेला? मंग?" काका खाली बघत तंबाखू मळायचे. होड्या लागल्या की तू टोपली घेऊन किनाऱ्यावर जायचीस, आणि मासळी बघायच्या आधी उतरणाऱ्या माणसांची तोंडं बघायचीस. मी दुसरीकडे तोंड करून उभा राहायचो.

चौथ्या भागात तांडेल बुडतो. लेखकाने ते स्पष्ट लिहिलं आहे. होडी हलकी व्हावी म्हणून तो स्वतःला बांधलेला दोर कापतो आणि पाण्यात जातो, पार तळापर्यंत. त्याचे डोळे उघडे आहेत आणि केसांत वाळू शिरते आहे. मग दीड पान त्याच्या बायकोचं. तिला नावही दिलेलं नव्हतं, नुसतं तांडेलीण. ती गुडघाभर पाण्यात उभी राहते, समुद्राच्या पाण्याने कपाळ धुते आणि म्हणते, "मी पुष्कळ वाट पाहिली. आता तू तिथला, मी इथली. माझ्यावर रागावू नकोस." मी वाचत होतो आणि तुझे हात थांबले. मग तू म्हणालीस, "परत वाच." मी परत वाचलं. पुढच्या सुट्टीला पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीला पुन्हा. पुस्तक परत करायचा दिवस टळून गेला तरी तू ते सोडेनास.

"नाव काय तिचं?" तू विचारलंस.

"दिलेलं नाही."

"नसू दे. बाई खरी हाय."

आणि एका सकाळी काका जाळं दुरुस्त करत बसले होते तिथे तू गेलीस आणि उभ्या उभ्याच म्हणालीस, "भावोजी, करून टाका." काकांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं आणि डोळे पुसले. दर्भाच्या माणसाला अग्नी मी दिला. तू त्या दिवशी रडलीस. इतक्या वर्षांत मी तुला रडताना पाहिलं नव्हतं. बांगड्या काकीने फोडू दिल्या नाहीत, साबण लावून एकेक करून उतरवल्या. त्यानंतरचा काळ मला फार आठवतो. तुला झोप लागायला लागली. बाजारात तू पुन्हा गिऱ्हाइकांशी भांडायला लागलीस, "घ्यायची तर घे, नायतर मासळीला हात लावू नको, ती काय तुज्या सासरची हाय?" सर्वपित्रीला तू बोंबलाचं कालवण आणि भात बाहेर ठेवलास, कावळा लगेच आला, तर म्हणालीस, "बघ, भुकेलाच व्हता." असं हसून म्हणालीस की माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या लेखकाचं घर माहीत असतं तर मी जाऊन त्याच्या पाया पडलो असतो.

पाचव्या भागात तांडेल नव्हता. तो तू नुसताच ऐकलास. मग सहावा आला. वाचताना अडखळायला नको म्हणून मी प्रत्येक भाग आधी स्वतः वाचायचो, हा एस.टी.त बसून उघडला. तांडेल जिवंत होता. तो समुद्राच्या राजाच्या कैदेत होता आणि बुडाला तो चेटकिणीने केलेला भास. मी चौथ्या भागातलं पान मनात आणलं. डोळे उघडे, केसांत वाळू. भास होता तर तिथे एका शब्दाने तरी तसं सुचवायला नको होतं का? मेहनतीने बांधलेलं काम कुणी लाथेने पाडावं तसं मला झालं. पुढे वाचलं आणि पुस्तक पिशवीत तळाला घातलं. दांडीला उतरलो तेव्हा मी ठरवलं होतं की हा भाग मिळालाच नाही असं सांगायचं. पण पुस्तकवाल्याने तुला बाजारातच ओरडून सांगितलं होतं, "मावशी, तुमचा तांडेल परत आला!" तू करंदी न सोलताच ओट्यावर बसली होतीस.

"आये, हा भाग वाईट आहे."

"वाईट हाय का ते मी ठरवीन. वाच."

मी वाचलं. तांडेल भर दुपारी स्वतःच्या दारात येतो. तांडेलीण त्याला पाहते, उघड्या कपाळाने, मोकळ्या हातांनी, आणि तिथेच खाली बसते. तो तिच्या कपाळाकडे बघून म्हणतो, "इतक्यात पुसलंस? एवढाच धीर होता तुझा?" आणि मागे वळून राजकन्येच्या होडीकडे निघून जातो.

"पुढं?" तू म्हणालीस.

"पुढे राजकन्या आहे."

"आन् तांडेलीण?"

"नाही. तिचं एवढंच आहे."

काकी उसळली. "मुडदा बशिवला त्या लिवनाऱ्याचा! तिनं काय दगड व्हऊन बसायचं व्हतं दारात? आन् हा कैदेत व्हता तर सांगावा धाडायचा!" तू उठलीस, करंदीची टोपली आत नेलीस आणि त्या दिवशी ती तशीच राहिली.

तू नंतर एकदाच बोललीस. "मी घाई केली रं." मी टपरीवरून चौथा भाग शोधून आणला, ते पान उघडून तुझ्यापुढे धरलं आणि सांगत सुटलो की हे बघ, इथे स्पष्ट लिहिलंय, तो मेला, सहाव्यात लेखकाने चूक केली, त्याला स्वतःचंच लिहिलेलं आठवत नाही. तू पुस्तक मिटलंस. "मला काय दावतोस? मला वाचता येतंय का? मेला ते तूच वाचलंस. आला ते पन तूच वाचलंस." दुसऱ्या दिवशी मी पुस्तकवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, "अरे बाबा, चौथ्यानंतर गिऱ्हाईक तुटलं. पब्लिकला तांडेल पाहिजे होता, आणला परत. धंदा आहे." मी विचारलं, मग बायकोला का बोलला तो? त्याने चष्मा वर केला. "कोणाच्या बायकोला?" त्याने तो भाग वाचला होता, आणि ती त्याच्या लक्षातही नव्हती.

तू वेरावळचं नाव पुन्हा काढलं नाहीस. कुंकूही लावलं नाहीस. तो जिवंत आहे असं तुला वाटत होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं, तो कुठेही असला तरी तुझ्यावर रागावलेला आहे, एवढंच तुझ्या मनाने घेतलं. त्या वर्षी सर्वपित्रीला तू घास ठेवलास तर कावळा उशिरा आला, आणि तू दारात ताटकळत उभी राहून पुटपुटत होतीस. पावसात होड्या वर ओढून ठेवलेल्या असताना तू किनाऱ्यावर जाऊन बसायचीस. मी आणायला यायचो, तू निमूट उठायचीस, पदरातून पाणी गळायचं. खोकला झाला, मग ताप. गावात बायका बोलायच्या की हिला लागीर झालंय. काकी त्यांच्या अंगावर जायची. शेवटी काकांनी आणि मी तुला टेंपोत घालून पालघरला नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय, फार उशिरा आणलंत.

दवाखान्यातली ती खाट खिडकीजवळ होती. दुपारची वेळ, शेजारच्या बाईचे नातेवाईक डबा उघडून जेवत होते. तू डोळे मिटून होतीस, मला वाटलं झोपली आहेस. तू विचारलंस, "सातवा आला का रं?"

"नाही आला अजून."

"त्यात बोलंल का तो तिच्याशी?"

मी म्हणालो, "अजून छापलेलाच नाही, आये. मला कसं माहीत असणार?"

उत्तर बरोबर होतं. तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि मग भिंतीकडे तोंड केलंस. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

आता सातवा भाग. चेटकिणीचा दगड होतो. राजकन्या गादीवर बसते, सातही बेटांवर मेजवान्या होतात आणि त्यांचंच वर्णन पुष्कळ आहे. काकीला वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असती, जेवा एकदाचे. पण आता तिला ऐकू येत नाही. तांडेलाला राजकन्या सोन्याची माळ घालते आणि तो दरबारात मानाच्या जागी बसतो. तांडेलीण नाही. मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एखाद्या ओळीत असेल आणि माझ्या नजरेतून सुटली असेल म्हणून. तिचं दार नाही, तिचा किनारा नाही, ती मेली असंही कुठे लिहिलेलं नाही. लेखक तिला विसरला. पुस्तक परत करायला गेलो तर पुस्तकवाल्याने विचारलं, "कसा काय शेवट?" मी म्हणालो, शेवट नाही त्यात. तो म्हणाला, "तुझं कधी समाधान व्हायचं नाही, दांडी."

हे सगळं लिहून झाल्यावर पाकिटावर काय लिहावं म्हणून मी उगाच थोडा वेळ बसलो होतो. पाकीट कोरंच राहील.

दवाखान्यात तू विचारलं होतंस. बोलतो, आये. तो दरबारातून उठून परत येतो आणि तिच्याशी बोलतो. काय बोलतो ते मला नीट जुळवता आलेलं नाही, पण रागाने बोलत नाही. हे सातव्या भागात नाही, कुठल्याच भागात नाही. मी माझ्या मनाचं सांगतोय, आणि असं सांगायची मला सवय नाही.