चाळिसाव्या पानावरची खूण

डेस्मंड,

तुझ्या वाढदिवसासाठी मनकवड्यांच्या खेळांवरचं ते दुर्मिळ पुस्तक घेतलं, पाचशे पौंडांना. टेबलावर आहे. "असल्या महागड्या पुस्तकांत काही नसतं गं विनी," म्हणायचास ना? चाळिसावं पान उघड. प्रेक्षकांतून तू 'पटकन सांग' म्हणालास की घड्याळ, 'सांग बरं' म्हणालास की अंगठी. डॅडींनी फक्त आपल्या दोघांना शिकवलेली खूण न् खूण छापलीय. वर लेखकाने तुझे आभार मानलेत! मी मेलीने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

ॲपल पाय ओव्हनमध्ये आहे, गरम करून खा. संध्याकाळी ब्लॅकपूलच्या स्टेजवर डोळ्यांना पट्टी बांधून मी बसणार नाही. कुणाच्या हातात काय आहे, ते तूच ओळख.

पुस्तक महाग नाही पडलं. पाचशे पौंडांत सख्खा भाऊ कळला.

विनी