छत्तीस कमरेची सफारी

२२ जानेवारी १९९६, संध्याकाळ
चंद्र दिसला. उद्यापासून शेजारच्या मोईन टेलरबरोबर तीसच्या तीस रोजे. आपल्या दुकानातल्या गव्हाच्या काट्यावर वजन: ९४ किलो. ईदपर्यंत ८०. पुढच्या महिन्यात तेलगावला ईश्वरीला बघायला जायचंय. त्रिंबककाकांनी तिला माझा फोटो दाखवला, पसंत म्हणाली. फोटो कॉलेजातला, सात वर्षांपूर्वीचा. पण फोटो बदलण्यापेक्षा माणूस बदललेला बरा.
मोईनला सफारी शिवायला टाकली. कंबर छत्तीस धर म्हटलं. तो टेप हातात घेऊन नुसता बघत राहिला.

२३ जानेवारी
पहाटे सहेरी मोईनकडे. सहा पराठे. दिवस काढायचा तर टाकी फुल पाहिजे. दिवसभर गुळाच्या ढेपेकडे पाहिलं नाही. (दोनदा पाहिलं.) इफ्तारला खजूर, भजी, केळी. मग घरी जेवण. आईला रोज्याचं सांगितलेलं नाही, न जेवून कसं चालेल?

३० जानेवारी
डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, पोट भरल्याचा निरोप मेंदूला नेणारं हार्मोन सापडलंय. रोज्यात काहींचं वजन उतरतं, पण दोन्ही वेळा दाबून खाल्लं तर नाही. ‘उतरतं’ हे महत्त्वाचं. माझं हार्मोन आठवड्यात शिस्तीला येईल.

६ फेब्रुवारी
९५. अंगात पाणी साठलं असणार. मोईन तीन किलोनं उतरला. माझ्याच काट्यावर! काटासुद्धा फितूर.

१७ फेब्रुवारी
महाशिवरात्र. आईने उपास धरायला लावला. रोजा अधिक उपास, डबल फायदा. दुपारी साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळी. उपासाचं खाल्ल्याने रोजा मोडत नसावा. मोईन म्हणाला, आजचा गेला. दोस्ताने असं बोलावं?

२२ फेब्रुवारी, ईद
सफारी बसली! बटण लागलं, वर श्वासही घेता आला. छत्तीस! म्हणजे काटाच खोटा. आता वजन करणार नाही. मोईनला कडकडून मिठी मारली, तो लगबगीने वाटी आणायला आत गेला. शीरखुर्मा तीन वाट्या.

२५ फेब्रुवारी
तेलगाव. ईश्वरीच्या वडिलांनी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “नवरदेव मागून येत हायत का?” त्रिंबककाका छताकडे बघू लागले. ईश्वरी पोहे घेऊन आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कोनाड्यातल्या फोटोकडे.
घरी येऊन सफारी उतरवली. पँटच्या आत कमरेपाशी खडूचा आकडा: ४२. तसाच मोईनकडे गेलो.
“छत्तीसची शिवली असती तर तिथं बटन उडालं असतं बे,” तो म्हणाला. “तुझी इज्जत जाऊ द्यायची व्हती का?”
म्हणजे महिनाभर त्याच्या दस्तरख्वानावर बसून खाल्लं, आणि माझं होणार नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला फार लागलं. हार्मोन परकं, काटा लोखंडाचा. हा तर माझा माणूस.

२७ फेब्रुवारी
काट्यावर चढलो. ९७. त्रिंबककाका फोटो परत घेऊन आले. नकार. ईश्वरी म्हणाली, जाडीचं काही नव्हतं, पण फसवायला नको होतं. सफारी मात्र छान शिवलेली होती, असंही म्हणाली.
आईने ताट वाढलं, ते तसंच आहे. सकाळपासून भूकच नाही.
हार्मोन कामाला लागलेलं दिसतं.