काटा अडतो, ट्रेस मिळत नाही

१४ जुलै, मंगळवार
कारखान्याच्या ऊस-काट्याचं कॉम्प्युटर-मशीन आज पुन्हा थिजलं. मी लॅपटॉप बगलेत मारून जेवायला, मक्याची उगाली खायला गेलो, तेवढ्यात. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या. परत येऊन लॅपटॉप उघडला तर मशीन सुरू. निदान: त्याला माझी सवय झालीय. उपाय: पुढच्या वेळी रीबूट करायचं नाही. थिजलेलं असतानाच मशीनच्या गाभ्याचा, कर्नलचा स्टॅक ट्रेस काढायचा, म्हणजे पोटात कोणतं काम कुठे अडकलंय ते दिसेल. सोपं आहे.

१५ जुलै
दिवसभर समोर बसलो. थिजलं नाही. घाबरतं मला. सामान आवरून घरी पोचलो, थिजलं. धावत परत आलो, सुरू.

१६ जुलै
मॅनेजर चेबेतमॅडमचा हुकूम: खुर्ची सोडायची नाही. शनिवारी नेकेसाच्या घरी आमच्या लग्नाची बोलणी, मुलीकडच्यांना मी किती गाई द्यायच्या ते ठरायचंय, असं सांगून पाहिलं. म्हणाल्या, ऊस वाळतोय, गाई थांबतील. आता जेवण इथेच, झोपही इथेच. कैदीच झालोय. पण किती महत्त्वाचा कैदी! नेकेसालाही हेच सांगितलं. ती म्हणाली, माझे मामा एकदा उठले की पुन्हा बोलणीला बसत नाहीत, तेव्हा महत्त्व तिथेच ठेव आणि ये.

१७ जुलै
मी असलो की अडत नाही, अडतं तेव्हा मी नसतो. ट्रेस काढणार कसा? काट्यावरच्या सिखोयाताईंना कमांड शिकवली. एवढंच होतं होय, म्हणाल्या.

१८ जुलै, शनिवार, दुपार
मॅडम किसुमूला, मी सटकलो. लॅपटॉप घेतला, सासरी छाप पडावी म्हणून. माझ्यावाचून कारखाना बंद पडतो, हेही सांगितलं. मामा खूश. एवढ्या मोठ्या माणसाला मुलगी स्वस्तात कशी द्यायची, म्हणाले, आणि माझ्याकडून घ्यायच्या तीन गाई वाढवल्या.
तेवढ्यात सिखोयाताईंचा फोन. थिजलं, ट्रेस मिळाला. मामा म्हणाले, स्पीकरवर लावा, आम्हालाही कळू दे. ताईंनी वाचलं. प्रत्येक काम नेटवर्कवरच्या बाहेरच्या फोल्डरची वाट बघत अडकलेलं. तसं फोल्डर एकच, माझ्या मांडीवरच्या बंद लॅपटॉपमध्ये. वजनाच्या नोंदींच्या प्रती तिथे ठेवायची युक्ती माझीच, सुरक्षित म्हणून.
मामांना यातलं काही कळलं नाही, देवाची कृपा. बोलणी सोडून उठणं शक्य नव्हतं. लॅपटॉप बोडाबोडावाल्याच्या, भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या हाती पाठवला.

संध्याकाळी
लॅपटॉप पोचला. काटा सुरू. मॅडमचा मेसेज: सोमवारपासून लॅपटॉप इथेच राहील, तुम्ही नाही आलात तरी चालेल.
मामांना विचारलं, गाई जरा कमी होतील का. म्हणाले, तुमच्यावाचून कारखाना बंद पडतो ना?
सगळे बघत होते. नेकेसापण.
हो म्हणालो.