बोल्टला गुंडाळलेला काळा दोरा

आई, आज सकाळी पार्किंगमध्ये तुझी स्कूटर उघडून बसलो होतो. तू जाऊन अकरा वर्षं झाली, आणि त्याच्या आधीपासूनच ती कव्हरखाली उभी होती. तुझी नात आता कॉलेजला जाते. तिला नवी गाडी नको, आजीचीच हवी. म्हणून गेल्या आठवड्यात बॅटरी बदलली, जुनं ऑइल न सोडता वरूनच थोडं भरलं (तू असतीस तर यावर दोन शब्द ऐकवले असतेस), आणि गाडी चक्क चालू झाली. दुसऱ्या दिवशी फरशीवर थेंब दिसले. इंजिनाच्या तळाशी ऑइल सोडायचा जो बोल्ट असतो, बरोबर त्याच्याखाली. तो बोल्ट कुणी बिघडवला होता, हे मला तेव्हापासून माहीत आहे. तुलाही माहीत होतं, हे मात्र आज कळलं. म्हणून लिहायला बसलो.

कोथरूडहून कसबा पेठेतल्या तुझ्या ब्लाउजच्या दुकानात तू वर्षानुवर्षं याच स्कूटरवरून गेलीस, पायाशी कापडांच्या पिशव्या ठेवून. गाडीचं ऑइल तू कधी मेकॅनिककडून बदलून घेतलं नाहीस. शिलाई मशीन सांभाळणाऱ्या बाईला इंजिनाचं काय कौतुक, म्हणायचीस. मशीनचं तेल गळलं तर गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर डाग पडतो, त्यामुळे गळतीवर तुझा डोळा असायचा. संध्याकाळी स्कूटरखाली जुना पेपर पसरायचीस आणि सकाळी चहाआधी खाली जाऊन बघून यायचीस. आम्ही विचारायचो, "काय म्हणतो पेपर?" तू म्हणायचीस, "कोरा आहे. आजकाल पेपरात वाचण्यासारखं काही येतच नाही." बोल्ट बसवायची तुझी रीत ठरलेली होती. दर वेळी नवा वॉशर घालायचा, आधी बोटांनी फिरवायचा आणि शेवटी पान्याने अगदी थोडासा. काज कापतानाही तुझी कात्री अशीच थांबायची, कापड अजून थोडं मागतंय असं वाटत असतानाच.

तो रविवार मला लख्ख आठवतो. पेपरवर दोन थेंब पडलेत. तू गाऊनवर जुनी ओढणी खोचून फरशीवर बसली आहेस, ऑइल काढून झालंय, बोल्ट तुझ्या हातात आहे. मी वरून उतरतो आणि पार्किंगमधून जाणाऱ्या चार माणसांसमोर मला लाज वाटते.

"आई, दे इकडे. तुझ्या हातात आता जोर राहिला नाही."

"जोराचं काम नाहीये ते."

"अगं, मी इंजिनीअर आहे."

"हो, ऐकलंय," तू म्हणतेस आणि पाना माझ्या हातात देऊन हात धुवायला वर जातेस.

मी पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि ओढला. बोल्ट घट्ट झाला, आणखी घट्ट झाला, आणि मग एकाएकी हाताला मऊ लागला. आतले आटे गेले होते. हे कळायला इंजिनीअर असावं लागत नाही, त्याच क्षणी कळतं. मी ऑइल भरलं, फरशी पुसली आणि तू खाली आलीस तेव्हा म्हणालो, "झालं. एकदम टाइट."

सोमवारी सकाळी गाडीखाली थारोळं होतं. तळमजल्यावरचे काका त्यावरून घसरले, गुडघा फुटला. संध्याकाळी खांबावर त्यांच्या अक्षरात कागद लागला: 'येथे तेलाची सोय आहे. भजी तळणाऱ्यांनी कढई घरून आणावी.' सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी आपल्याकडे बघितलं आणि मी उभा राहून म्हणालो, "आईचे हात आता पहिल्यासारखे नाहीत. आम्ही सांगतो, पण ती ऐकत नाही." तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मग काकांना म्हणालीस, "माझ्याच हातून राहिलं असेल. माफ करा." त्याच रात्री मी किल्ली काढून घेतली. मग तुझ्या दोन बस सुरू झाल्या, त्या पिशव्या घेऊन. चार महिन्यांत दुकान बंद झालं, मशीन आपल्या गॅलरीत आलं आणि तू टीव्हीसमोर बसायला लागलीस. मध्ये एकदा तू जेवताना म्हणाली होतीस, "आजही पेपर कोरा आहे. बघून तरी ये." मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "राहू दे ना आता, आई." मला वाटलं, गळायला आत ऑइलच उरलं नसेल.

आज बोल्ट फिरवला तर तो सहज बाहेर आला. त्याच्या आट्यांमध्ये काळा दोरा गुंडाळलेला होता. काजाचा दोरा, जाड, एकसारखा, एकही वेढा दुसऱ्यावर न चढलेला. इतक्या वर्षांत कुजून तो जागोजागी तुटला होता. मी ऑफिसात असताना तू दुपारी खाली जाऊन बोल्ट उघडलास. आतले फाटलेले आटे तुला दिसले, ते कुणाच्या जोराने फाटले हेही दिसलं, आणि तुझ्याजवळ जे होतं त्याने तू ती फट बुजवलीस. थरथरणाऱ्या हातांना असे वेढे घालता येत नाहीत. मला एका शब्दानेही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, असं मनात येतं आणि स्वतःचीच चीड येते. बोलायला मी हवं होतं.

दुकानातून जरा जाड बोल्ट आणला. तो आत जाताना स्वतःचे आटे पाडत जातो. नवा तांब्याचा वॉशर घातला, आधी बोटांनी फिरवला आणि मग पान्याने थोडासाच. नवं ऑइल भरून खाली पेपर पसरला. दोन तासांनी बघितलं तर पेपर कोरा होता. तुझ्या नातीला दाखवला, ती म्हणाली, "मग काय, पेपरच आहे ना बाबा." तिला पुढचं काही सांगितलं नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? खरं म्हणजे पार्किंगच्या खांबावर लावायला हवं. पण मी ते तुझ्या मशीनच्या खणात ठेवीन, तो कुणी उघडत नाही. एक सांगायचं राहिलं. मी पाना पुसत होतो तेव्हा तळमजल्यावरचे काका काठी टेकत आले. आता खूप थकलेत. गाडीकडे बघून म्हणाले, "आईंचा हात शेवटी शेवटी राहिला नव्हता हो. तुम्ही वेळेवर गाडी सोडवलीत त्यांची, बरं केलंत." तुझा दोरा तेव्हा माझ्या खिशात होता, आई. मी म्हणालो, "हो ना."